पाहुण्याचा कागद

'दस्तक' हा शब्द मराठीत आता कुणी फारसा वापरत नाही. जुन्या दप्तरांत मात्र तो भेटतो. दस्तक म्हणजे प्रवासाचा परवाना. नाक्यावर दाखवायचा आणि पुढे जायचं. उर्दूत हाच शब्द दारावर दिलेल्या थापेसाठी येतो. दोन्हींच्या मुळाशी फारसीतला 'दस्त', म्हणजे हात. एका भाषेत तो हात सही-शिक्का करणाऱ्याचा झाला, दुसरीत दार वाजवणाऱ्याचा. 'व्हिसा' हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा अर्थ साधा आहे, 'पाहिलेला'. तुमचा कागद आम्ही पाहिला आहे, एवढंच तो शिक्का सांगतो. बाकी सगळं नियमांनी जोडलेलं आहे.

मी कवितेचा माणूस, कायद्याचा नव्हे. पण आमच्या घरात व्हिसा हा शब्द मी शाळेत जाण्याआधीपासून ऐकत आलो. पावसाचा, भाताचा आणि व्हिसाचा विषय एकाच दमात निघत असे. त्यामुळे आपल्या देशात परक्या माणसाला कसं येता येतं, कुणाला दार चटकन उघडतं आणि कुणाला उंबऱ्याबाहेर थांबावं लागतं, हे मी हळूहळू समजून घेत गेलो. तेच सांगतो.

पहिली गोष्ट, पासपोर्ट आणि व्हिसा यांत आपण नेहमी गल्लत करतो. पासपोर्ट तुमचा देश देतो. तो सांगतो की हा माणूस आमचा आहे. व्हिसा दुसरा देश देतो. तो सांगतो की या माणसाला आमच्याकडे यायला आमची हरकत नाही. आणि हरकत नाही याचा अर्थ हक्क आहे असा होत नाही. भारताचा व्हिसा परदेशातली आपली वकिलात देते, तो कुणाला द्यायचा याचं धोरण दिल्लीत गृहमंत्रालय ठरवतं आणि विमानतळावर प्रत्यक्ष शिक्का मारतो तो इमिग्रेशनचा अधिकारी. खिशात व्हिसा असूनही हा अधिकारी पाहुण्याला परत पाठवू शकतो. जगात बहुतेक ठिकाणी असंच आहे.

आपल्याकडचे हे कायदे बरेचसे इंग्रजांच्या वेळचे होते. भारतात शिरण्यासाठी पासपोर्ट हवा हे सांगणारा कायदा १९२० चा, परदेशी माणसांच्या नोंदणीचा १९३९ चा आणि परकीय नागरिकांचा कायदा १९४६ चा. म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची भीती, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरची भीती आणि राज्य हातातून जातानाची भीती, अशा तीन भीतींवर आपण स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षांहून अधिक काळ कारभार चालवला. २०२५ साली संसदेने हे कायदे रद्द करून इमिग्रेशन आणि परकीय नागरिकांविषयीचा एकच नवा कायदा केला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. खोटा पासपोर्ट वापरला तर सात वर्षांपर्यंत.

आता पाहुण्यांच्या पायऱ्या पाहू. सगळ्यांत वर नेपाळ आणि भूतानचे लोक. ते आपल्या देशातून सरळ इकडे येतात तेव्हा त्यांना व्हिसा लागत नाही. मालदीवच्या पर्यटकालाही ९० दिवसांपर्यंत लागत नाही. त्याखालची पायरी ई-व्हिसाची. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ही सोय ४३ देशांसाठी सुरू झाली आणि पुढे वाढत दीडशेहून अधिक देशांपर्यंत गेली. पॅरिसमधला माणूस घरी बसून संगणकावर अर्ज भरतो, फोटो आणि पासपोर्टचं पान चिकटवतो, पैसे भरतो आणि मंजुरीचा कागद छापून घेऊन ठरवून दिलेल्या विमानतळावर किंवा बंदरावर उतरतो. मुंबई आणि गोवा ही दोन्ही त्या यादीत आहेत. पर्यटकाला हा व्हिसा महिन्याचा, वर्षाचा किंवा पाच वर्षांचा मिळतो. पण पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं मुक्काम नव्हे. एका कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त १८० दिवस. गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्या पाहुण्यांचं गणित नेहमी इथेच चुकतं.

दुसरं गणित चुकतं ते कारणाचं. व्हिसा ज्या कारणासाठी घेतला तेच काम करायचं. फिरायला आलेल्याने नोकरी करायची नाही, धर्मप्रचार करायचा नाही. पण प्रचार कशाला म्हणायचं आणि नुसतं ऐकायला बसणं कशाला म्हणायचं? २०२० च्या करोनाच्या दिवसांत हा प्रश्न आपल्या राज्यातच उभा राहिला. दिल्लीच्या तबलीगच्या कार्यक्रमाला जाऊन अहमदनगर जिल्ह्यात आलेल्या परदेशी पाहुण्यांवर व्हिसाच्या अटी मोडल्याचे गुन्हे दाखल झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. धार्मिक स्थळी जाणं, प्रवचन ऐकणं यांवर व्हिसाच्या नियमांत बंदी नाही, हे न्यायालयाने नियमावली उघडूनच दाखवलं. नियम आधीपासून तिथेच होता. तो वाचायला कुणाला सवड नव्हती.

व्हिसाच्या व्यवहाराला दोन देशांमधल्या भाऊबंदकीचाही वास असतो. तुम्ही आमच्या माणसाला जसं वागवाल तसं आम्ही तुमच्या माणसाला. ब्रिटनने २०२१ मध्ये भारतात लस घेतलेल्यांनाही विलगीकरणात ठेवण्याचं ठरवलं, तेव्हा भारतानेही ब्रिटिश नागरिकांना दहा दिवस विलगीकरणात बसवण्याचा नियम काढला. पंधरवडाही गेला नाही आणि दोन्ही बाजूंचे नियम मागे घेतले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाशी बिनसलं आणि भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं थांबवलं. टोरांटोला स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेली आणि 'ओसीआय' कार्ड काढायचं राहून गेलेली आपली माणसं त्यात सापडली. ई-व्हिसा पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाची आई आजारी होती. भांडण त्यांचं नव्हतं.

हे झालं दूरच्या देशांचं. शेवटची पायरी शेजाऱ्याची, आणि आमच्या घरातली भीती तिथली.

कोकणातली मुसलमान माणसं दर्यावर्दी. मुंबई गोदी, जहाजं, आफ्रिका आणि कराची. कराचीला जाणं म्हणजे परदेशी जाणं, असं तेव्हा कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. रत्नागिरीचा माणूस कराचीला निघाला तर तो इलाख्यातल्या इलाख्यात जात होता. माझ्या वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी फुफी, १९४६ साली लग्न होऊन कराचीला गेली. नवरा नात्यातलाच, बंदरावर कामाला. सासर बोटीने दोन दिवसांवर.

फाळणी झाली तरी वर्षभर ये-जा तशी मोकळी होती. कागद आला तो जुलै १९४८ मध्ये. भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट सुरू केलं, आणि काही महिन्यांनी पाकिस्ताननेही केलं. मग ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसाची पद्धत लागू झाली. ही तारीख मला फाळणीच्या तारखेइतकीच महत्त्वाची वाटते. नकाशावरची रेघ १९४७ ला पडली खरी, पण माणसांना ती प्रत्यक्ष अडली ती पाच वर्षांनी, खिडकीसमोर अर्ज घेऊन रांगेत उभं राहिल्यावर. तोवर फाळणी म्हणजे काय हे फुफीला बहुधा पुरतं कळलं नसावं. 'आम्ही इथेच आहोत, तुम्ही तिथेच आहात, मग झालं काय?' असं तिने वडिलांना पत्रात विचारलं होतं म्हणतात.

१९६५ च्या युद्धाने मुंबई-कराची बोट बंद झाली ती कायमची. राजस्थानातून सिंधमध्ये जाणारी रेल्वेही त्याच वर्षी थांबली. १९७१ च्या युद्धानंतर तर सगळंच. सिमला करार झाला आणि त्याच्या मागून सप्टेंबर १९७४ मध्ये व्हिसाचा करार आला. त्यात नातेवाइकांना भेटायला येण्याची सोय होती. अजमेर, निजामुद्दीन, सरहिंद इथे येणाऱ्या आणि ननकाना साहिबला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जथ्यांसाठी वेगळा समझोता झाला. जुलै १९७६ मध्ये लाहोर आणि अमृतसरमध्ये समझौता एक्स्प्रेस धावू लागली.

पाकिस्तानी पाहुण्याचा व्हिसा हा देशाचा व्हिसा नसतो, गावांचा असतो. हे बहुतेकांना ठाऊक नाही. जपानी माणसाला व्हिसा मिळाला की तो पुण्याहून पाटण्याला आणि पाटण्याहून पणजीला खुशाल जातो. पाकिस्तानी माणसाच्या व्हिसावर गावांची नावं लिहिलेली असतात. तेवढ्याच गावी जायचं. लष्करी छावणीच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. गावात पोचल्यावर २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची, निघतानाही करायची. पुढच्या गावी पुन्हा तेच. इकडच्या नातेवाइकाने हमीपत्र द्यायचं, त्यावर अधिकाऱ्याचा सही-शिक्का घ्यायचा. आमच्या वडिलांची एक फाइल होती, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात घराचा उतारा, शिधापत्रिकेची नक्कल, हमीपत्राच्या कार्बन कॉप्या. बहिणीवरचं प्रेम सिद्ध करायला इतके पुरावे लागतात, हे मला त्या फाइलमुळे लहानपणीच कळलं.

फुफी आली ती १९८१ साली. अठरा वर्षांनी. मुंबई आणि कराचीमधलं अंतर सरळ रेषेत नऊशे किलोमीटरसुद्धा नाही. ती आली लाहोर, अटारी, अमृतसर, दिल्ली करत, तीन हजार किलोमीटरच्या वर फिरून. व्हिसावर दोन नावं होती, मुंबई आणि रत्नागिरी. आमचं गाव खेड तालुक्यातलं, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, ते बसलं. पण तिची धाकटी बहीण दिली होती महाडला, आणि महाड रायगड जिल्ह्यात. अर्जात ते नाव घातलं होतं की नव्हतं, यावर घरात नंतर बरीच वर्षं वाद चालला. व्हिसावर ते नव्हतं एवढं खरं.

मुंबईहून येणारी एसटी महाडवरूनच जाते. धाकटी फुफी मुलांना घेऊन महाडच्या स्टँडवर येऊन बसली. गाडी थांबली. मी बारा वर्षांचा, वडिलांबरोबर मुंबईला आणायला गेलो होतो, त्यामुळे गाडीत होतो. उतरलं तरी फारसं काही झालं नसतं, स्टँडवर कोण कागद बघतं? पण वडील घाबरलेले. ते म्हणाले, खाली पाय ठेवू नकोस. मग दोघी बहिणी खिडकीच्या गजांतून भेटल्या. धाकटीने वर हात करून डबा दिला, त्यात तांदळाच्या पिठाचं काहीतरी होतं. कंडक्टरने एकदा घंटी मारली, मग खाली पाहिलं आणि पुन्हा मारली नाही. दहा मिनिटं गाडी थांबली असेल. त्यानंतर त्या दोघींची भेट झाली नाही.

खेडहून रत्नागिरीला नोंद करायला जाणं म्हणजे एसटीचे तीन-चार तास. तिथल्या हवालदाराने फुफीला खुर्ची दिली, चहा मागवला, 'आजी, जन्म कुठला?' असं विचारलं. फुफीने गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, तिकडचा रकाना वेगळा आहे, हा परदेशी माणसाचा. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. परत येताना फुफी एवढंच म्हणाली, 'माहेरी यायला पोलिसांची सही लागते, हे कुठल्या गाण्यात नव्हतं गं बाई.'

१९९४ मध्ये भारताचा कराचीतला दूतावास बंद झाला. तेव्हापासून कराचीच्या माणसाचा अर्ज जाणार इस्लामाबादला, चौदाशे किलोमीटरवर. तरी मधूनमधून दार किलकिलं व्हायचं. १९९९ मध्ये दिल्ली-लाहोर बस आली. फेब्रुवारी २००६ मध्ये मुनाबाव-खोकरापार मार्गाची रेल्वे थार एक्स्प्रेस म्हणून एक्केचाळीस वर्षांनी पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये इस्लामाबादला नवा व्हिसा करार झाला. त्यात गावांची संख्या पाचपर्यंत वाढली. ६५ वर्षांवरच्या आणि १२ वर्षांखालच्या पाहुण्यांना पोलिसांकडे नोंद करण्यातून सूट मिळाली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ६५ वर्षांवरच्या माणसाला अटारीच्या फाटकावर पोचल्यावर तिथेच ४५ दिवसांचा व्हिसा मिळणार होता. तारीख ठरली १५ जानेवारी २०१३. त्याच महिन्यात नियंत्रण रेषेवर आपले जवान मारले गेले, आणि ज्या दिवशी ही सोय सुरू व्हायची त्याच दिवशी ती स्थगित झाली. फुफी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. पुढच्या वर्षी ती गेली.

राज्याला दार लावण्याचा अधिकार नाही असं मी म्हणत नाही. २००८ चा नोव्हेंबर मुंबईने पाहिला आहे आणि मीही तेव्हा मुंबईत होतो. पण त्यातून काय दिसलं तेही पाहावं. ते दहा हल्लेखोर समुद्रातून आले, त्यांनी कुणाकडे व्हिसा मागितला नाही. आणि हल्ल्याआधी ताज आणि इतर जागा हेरून गेलेला डेव्हिड हेडली? त्याच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि भारताचा रीतसर व्हिसा होता. दाऊद गिलानी हे नाव बदलून तो हेडली झाला होता. ते उघडकीला आल्यावर नियम आणखी कडक झाले, पर्यटकाने दोन फेऱ्यांमध्ये दोन महिन्यांचं अंतर ठेवावं असाही एक नियम काही वर्षं होता. २०१२ च्या अखेरीस तो बहुतेक देशांसाठी काढून टाकण्यात आला.

मात्र एक प्रश्न राहिला. भारताच्या व्हिसा अर्जात विचारलेलं असतं, तुमचे आईवडील, आजीआजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का? फुफीचा नातू लंडनमध्ये जन्मला, ब्रिटिश नागरिक आहे. त्याला खरं उत्तर लिहावंच लागतं, आणि 'हो' लिहिलं की ई-व्हिसाचं दार बंद. वकिलातीत वेगळा अर्ज, वेगळी चौकशी आणि आठवडेच्या आठवडे वाट. 'ओसीआय' कार्ड, जे लंडनमधल्या बाकीच्या कोकणी मुलांना मिळतं आणि ज्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येतं, तेही त्याला मिळत नाही. पणजोबांपर्यंत कुणीही पाकिस्तानचा किंवा बांगलादेशचा नागरिक झाला असेल तर ते मिळत नाही. त्याची आजी खेड तालुक्यात जन्मली, हे लिहायला अर्जात जागा आहे. त्याचा उपयोग नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये समझौता, थार आणि बस, तिन्ही बंद झाल्या. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. दुसऱ्याच दिवशी अटारीचं फाटक बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी नागरिकांना व्हिसा देणं थांबवण्यात आलं. दिलेले व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले, उपचारांसाठी आलेल्यांना २९ पर्यंत मुदत मिळाली. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारे पाकिस्तानी हिंदू आणि राजनैतिक अधिकारी यातून वगळले होते. त्या आठवड्यात अटारीवर जे दिसलं ते तुम्हीही वर्तमानपत्रांत पाहिलं असेल. आईचा पासपोर्ट भारताचा आणि मुलांचा पाकिस्तानचा. मुलांनी जायचं, आईने मागे राहायचं. मेमध्ये भारताने करतारपूरचा मार्गही बंद केला, ज्यावरून नोव्हेंबर २०१९ पासून आपले यात्रेकरू व्हिसाशिवाय जात होते. पहलगामच्या मारेकऱ्यांविषयीचा राग मलाही आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या मुलाला तो राग कसा लागू होतो, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण हल्ली घरोघर कुणी ना कुणी परदेशी पाहुणा येतो. मुलाचा अमेरिकेतला मित्र, सुनेची जर्मन मैत्रीण. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की ज्याच्याकडे तो उतरला त्याने २४ तासांच्या आत पोलिसांच्या परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. वर्षानुवर्षं 'सी फॉर्म' या नावाने ही नोंद ओळखली गेली. हॉटेलवाले ती करतात, घरगुती यजमान मात्र विसरतात. आता ती संगणकावरून होते, रत्नागिरीची एसटी पकडावी लागत नाही. पाहुण्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची नक्कल काढून ठेवावी, मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. नोंद राहिली तर पाहुणा विमानात बसून निघून जातो, आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागतं ते यजमानाला.